पिशवीच्या तोंडाची पहिली तपासणी

साहित्य, इतिहास, अर्थकारण अशा विषयांच्या पंगतीत गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी हा विषय कसा येऊन बसला, असा प्रश्न समोरच्या काही चेहऱ्यांवर मला स्पष्ट दिसतो आहे. त्याचे उत्तर आकड्यांतच देते. जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे सव्वा लाख स्त्रियांना या जागेचा कर्करोग झाला आणि ८० हजारांच्या आसपास स्त्रिया त्याने दगावल्या. यात हळहळण्यासारखी गोष्ट अशी की, हा रोग एकाएकी येत नाही. निरोगी पेशी बिघडून त्यांचा कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात. त्या काळात बाईला कसलाही त्रास होत नाही. पण तपासणाऱ्याला तो बिघाड दिसू शकतो. म्हणून "मला काही होत नाही, मग मी कशाला जाऊ?" हे म्हणणे उलटे आहे. काही होत नसते तेव्हाच जायचे असते. संबंधानंतर रक्त जात असेल, किंवा पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसले असेल, तर मात्र शिबिराची वाट न पाहता सरळ डॉक्टरांकडे जावे.

आता प्रत्यक्ष काय होते ते सांगते, कारण भीती असते ती न पाहिलेल्या गोष्टीची. पाळी चालू नसतानाचा दिवस निवडावा. आधीचे दोन दिवस संबंध टाळावा, आत कोणतेही औषध ठेवू नये. गेल्यावर प्रथम लघवीला जाऊन यावे. त्याने पोटावरचा ताण कमी होतो. लुगडे किंवा साडी सोडावी लागत नाही, कमरेपर्यंत वर घेतली तरी पुरते. सलवार असेल तर तेवढी उतरवावी. अंगावर चादर घातलेली असते. जवळ एखादी परिचारिका किंवा आपली जाऊबाई, नणंद असावी असे वाटले तर तसे सांगावे. यात लाजण्यासारखे काही नाही.

मग गुडघे वर घेऊन उताणे निजायचे. डॉक्टरीणबाई बदकाच्या मिटलेल्या चोचीसारखे एक उपकरण हळूच आत सरकवून उघडतात. त्याला स्पेक्युलम म्हणतात. त्याने काही कापत नाही, टोचत नाही. दोन भिंती बाजूला सारून आतले तोंड दिसावे, एवढेच त्याचे काम. लोखंड गार लागते, दडपल्यासारखे वाटते. अंग आवळून धरले की ते अधिक जाणवते. तोंडाने सावकाश श्वास सोडत राहिले की पुष्कळ फरक पडतो. दुखलेच तर "थांबा" म्हणायचा अधिकार तुमचा आहे, आणि चांगली डॉक्टर थांबतेच.

पुढची रीत तीनांपैकी एक असते. पहिलीत गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावतात. आपल्या स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये असते तेच. मिनिटभर थांबले की बिघडलेल्या पेशींची जागा पांढरी दिसते, आणि निकाल तिथल्या तिथे कळतो. किंचित चुणचुणते, इतकेच. दुसरी रीत पॅप चाचणीची. आमच्याकडे पुष्कळ बायका तिला 'पाप' म्हणतात आणि दचकतात! वास्तविक ती पापानिकोलाऊ या ग्रीक डॉक्टराच्या नावातली अक्षरे. १९४३ साली त्याने या चाचणीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या अभ्यासासाठी त्याची पत्नी अनेक वर्षे स्वतःचे नमुने देत होती. यात लहानशा ब्रशाने पेशी पुसून घेऊन त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तिसरी चाचणी एचपीव्ही या विषाणूची. तिचा नमुना कापसाच्या काडीने बाईला स्वतःलाही घेता येतो. सारे मिळून पाच-दहा मिनिटांचे काम. नंतर एखाद-दुसरा रक्ताचा ठिपका दिसला तर घाबरू नये.

निकालात दोष निघाला म्हणजे कर्करोग झाला, असे मुळीच नाही. बहुतेक वेळा अर्थ इतकाच की, अधिक नीट पाहायला हवे. मग भिंगातून तपासतात, जरूर तर तुकडा काढून पाहतात. बिघडलेली जागा गोठवून किंवा उष्णता देऊन नाहीशी करता येते. गर्भाशय त्यासाठी काढावे लागत नाही.

एक नाजूक गोष्ट पुरुष श्रोत्यांनीही ऐकावी. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. तो बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा भेटतो, बहुधा आपोआप जातो, आणि कधी कधी वर्षानुवर्षे शांत पडून राहतो. तेव्हा आजच्या कागदावरून कालच्या वर्तनाचा निवाडा करता येत नाही. असल्या निवाड्याच्या भीतीनेच कितीतरी बायका तपासणीच्या दारातून परत फिरतात.

तपासणीने खरेच जीव वाचतात का? याचा एक मोठा पडताळा आपल्या मराठवाड्यात झाला. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ५२ गटांतल्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने त्या गटातले मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. आम्लाच्या चाचणीने तिथे तसा ठोस फरक दिसला नाही. पण मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने केलेल्या अभ्यासात, दर दोन वर्षांनी केलेल्या त्याच साध्या चाचणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. तेव्हा जवळ जी चाचणी मिळेल ती करावी; निवड असेल तर एचपीव्ही मागावी.

आपल्या सरकारी योजनेत तिशीपासून पासष्टीपर्यंत दर पाच वर्षांनी ही तपासणी सांगितली आहे. पाळी गेल्यावर मात्र आम्लाची चाचणी फसवी ठरू शकते, कारण पाहायची जागा आत सरकते. तेव्हा दुसऱ्या दोहोंपैकी एक करावी. लस घेतलेल्यांनीही तपासणी सोडू नये, कारण लस या विषाणूच्या सर्व घातक जातींना अडवीत नाही. आणि ज्यांची पिशवी काढली आहे त्यांनी आपले जुने कागद एकदा दाखवावेत. काही शस्त्रक्रियांत पिशवी काढतात पण तिचे तोंड तसेच ठेवतात, आणि हे त्या बाईला कुणी सांगितलेलेच नसते.