आतड्याचा दाह : रक्त आधी सांगते का?

पोट बिघडले की आपल्या घरात कारण आधीच ठरलेले असते. बाहेरचे खाणे, जागरण, नाहीतर "इकडचे पाणी मानवत नाही". मग ओव्याची फक्की, ताकभात, एखादे लंघन. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतेही. पण जुलाब महिनाभर थांबत नाहीत, शौचातून रक्त जाते, मुलाचे वजन वाढेनासे होते, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना एका आजाराचे नाव माहीत असायला हवे : इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज, म्हणजे आय.बी.डी. क्रोन्स डिसीज आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे त्याचे दोन मुख्य प्रकार. शरीराची संरक्षणयंत्रणा आतड्यावरच उलटते आणि तेथे दीर्घकाळ दाह राहतो. आजार बहुधा तरुण वयात सुरू होतो.

आपला काय संबंध?

"हा गोऱ्या लोकांचा आजार" ही समजूत जुनी झाली. इंग्लंडमधील लेस्टर परिसरातील १९९२ च्या पाहणीत भारतीय स्थलांतरितांत अल्सरेटिव्ह कोलायटिसचे प्रमाण स्थानिकांपेक्षा जास्त आढळले. कॅनडातील ऑन्टारियो प्रांताचा २०१५ चा अभ्यास आईवडिलांनी नीट वाचावा असा आहे. स्थलांतराच्या वेळी वय जितके लहान, तितका धोका अधिक. तसेच दक्षिण आशियाई आईवडिलांच्या तेथे जन्मलेल्या मुलांतील धोका स्थानिकांच्या मुलांइतकाच दिसला. आयर्लंडमधील मुलांत आय.बी.डी. वेगाने वाढत असल्याची नोंद डब्लिनच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये केली. ड्रोहेड्यात वाढणारी आपली मुले या हिशेबातून वेगळी नाहीत.

रक्तात किती आधी दिसते?

अमेरिकन सैन्यदल आपल्या सैनिकांचे रक्तद्रव वर्षानुवर्षे साठवून ठेवते. पुढे ज्यांना आय.बी.डी. झाला, त्यांचे जुने नमुने संशोधकांनी तपासले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात ५१ प्रथिने व प्रतिपिंडे एकत्र पाहून क्रोन्सचा अंदाज निदानाच्या ५ वर्षे आधीपर्यंत बांधता आला. पुढे क्रोन्स होणाऱ्याचा एक व निरोगी माणसाचा एक असे दोन नमुने समोर ठेवले, तर १०० पैकी सुमारे ७६ वेळा ओळख बरोबर ठरे. कोलायटिसच्या बाबतीत मात्र ही युक्ती चालली नाही. त्यासाठी २०२३ मध्ये आतड्याच्या अस्तरातील इंटिग्रिन या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे पुढे आली. काही जणांत ती निदानाच्या १० वर्षे आधीच सापडली.

त्याच वर्षी डेन्मार्कहून आलेली माहिती अधिक घरगुती म्हणावी लागेल. नेहमीच्या रक्ततपासणीतल्याच आकड्यांत क्रोन्सच्या निदानाआधी ८ वर्षांपर्यंत, तर कोलायटिसच्या आधी ३ वर्षांपर्यंत सूक्ष्म बदल होत होते, आणि आकडे बऱ्याचदा "नॉर्मल" मर्यादेतच होते. अर्थात हा हजारो रुग्णांचा सरासरी कल आहे. एका माणसाच्या एका रिपोर्टवरून भविष्य वाचता येत नाही.

मग तपासणी करून घ्यावी का?

सध्या तरी, तक्रार नसताना नको. साधे गणित पाहा. हजारात एकालाच आजार होणार आहे आणि चाचणी ९० टक्के अचूक आहे, असे धरू. तरीही त्या एकाबरोबर सुमारे १०० निरोगी माणसे "पॉझिटिव्ह" ठरतील आणि झोप उडवून घेतील. शिवाय आजार येऊच नये असा सिद्ध उपाय अजून हाती नाही.

सुटीत पुण्या-मुंबईला गेल्यावर "फुल बॉडी चेकअप" करून येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. ए.एस.सी.ए. ही प्रतिपिंडांची चाचणी क्रोन्सकडे बोट दाखवते खरी, पण आतड्याच्या क्षयरोगातही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. हे दोन आजार भल्याभल्या डॉक्टरांना चकवतात. क्षयरोग असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड दिले, तर क्षय बळावतो. म्हणून येथील डॉक्टरांना आपला जन्म भारतातला आहे, घरात कोणाला क्षय झाला होता का, हे न विचारताही सांगावे.

करण्यासारखे काय?

एक : सर्वांचे जुने रिपोर्ट, भारतातले धरून, तारखेप्रमाणे एका फाइलीत ठेवावेत. हिमोग्लोबिन व अल्ब्युमिन उतरत आहे, प्लेटलेट व सी.आर.पी. चढत आहे, हे तीन-चार वर्षांचे कागद शेजारी ठेवल्यावरच दिसते. रक्त कमी म्हणजे "शाकाहारी आहोत ना" असे म्हणून विषय मिटवू नये.

दोन : तक्रार असेल तर जीपींना शौचातील कॅलप्रोटेक्टिन तपासणीविषयी विचारावे. आतड्यातील दाह ती रक्तापेक्षा थेट दाखवते. पक्के निदान मात्र कोलोनोस्कोपी व बायोप्सीनेच होते.

तीन : आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला आय.बी.डी. असेल, तर ते जीपींच्या नोंदीत घालावे.

पैशाची बाजू

आय.बी.डी. येथील लाँग टर्म इलनेस योजनेच्या यादीत नाही. म्हणून मेडिकल कार्ड नसलेल्या कुटुंबाने ड्रग्ज पेमेंट स्कीममध्ये नाव नोंदवावे. मार्च २०२२ पासून योजनेतल्या औषधांवर कुटुंबाला महिन्याला जास्तीत जास्त ८० युरोच भरावे लागतात. पात्र वैद्यकीय खर्चावर २० टक्के करसवलत मिळते, तेव्हा पावत्या टाकू नयेत.

खासगी आरोग्यविमा नव्याने घेणाऱ्याला आधीपासूनच्या आजारासाठी ५ वर्षे थांबावे लागते, आणि विम्याआधीच्या ६ महिन्यांतली लक्षणेही त्यात धरली जातात. घ्यायचाच असेल तर सर्व ठणठणीत असताना घ्यावा. जनुकीय चाचणीचा निकाल विमा कंपनीला २००५ च्या कायद्याने वापरता येत नाही, पण प्रतिपिंडांची रक्तचाचणी जनुकीय नव्हे. आयुर्विम्याच्या अर्जात अशा तपासणीबद्दल प्रश्न आला, तर खरे उत्तर द्यावेच लागते. हौसेने केलेली चाचणी अशीही महाग पडू शकते.

शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, कारणाविना घटणारे वजन, मुलाची खुंटलेली उंची : यांपैकी काहीही दिसले तर कोणत्याही भाकिताची वाट न पाहता जीपींची वेळ घ्यावी, आणि जाताना ती फाइल बरोबर न्यावी.