स्वादुपिंडाचा कर्करोग : दोन टोकांच्या समजुती आणि मधली वस्तुस्थिती

१७ मार्च २०१९ रोजी गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे स्वादुपिंडाच्या कर्करोगाने निधन झाले, तेव्हा ज्या अवयवाचे नाव शालेय पाठ्यपुस्तकाबाहेर क्वचितच कोणाच्या तोंडी येत असे, त्याची चर्चा गोव्यात आणि महाराष्ट्रात घरोघर झाली; आणि माहितीच्या आधी समजुती पोहोचाव्यात हा जो जुना शिरस्ता, तो याही प्रसंगी मोडला गेला नाही. या समजुतींचे ढोबळ मानाने दोन पक्ष आहेत. एकाच्या मते हा रोग म्हणजे मृत्यूचे फर्मानच, त्यावर उपचार करणे म्हणजे पैशाचा अपव्यय आणि यातनांची मुदतवाढ. दुसऱ्याच्या मते अमेरिकेत यावर लस सापडली असून ती आपल्याकडे येण्याचा काय तो अवकाश. वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन्ही पक्षांत, पुरावा न तपासताच निकाल देऊन मोकळे होण्याची घाई मात्र सारखीच आहे.

प्रथम अवयवाविषयी. जठराच्या मागे, पाठीच्या कण्यालगत आडवे पडलेले सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचे हे पिंड केवळ इन्सुलिनसाठी आहे अशी सर्वसाधारण कल्पना असते. वस्तुतः त्याचा फारच थोडा अंश इन्सुलिनच्या खात्याकडे असून बाकीचा सारा कारभार पाचकरस तयार करून ते नलिकेवाटे आतड्यात पोहोचविण्याचा आहे, आणि या अवयवाच्या दहा कर्करोगांपैकी सुमारे नऊ या पाचकरसाच्या नलिकांशी निगडित असलेल्या प्रकाराचे असतात. संप्रेरके निर्माण करणाऱ्या पेशींपासून उद्भवणारी गाठ हा जवळजवळ निराळाच रोग होय. त्याची गती बहुधा मंद आणि उपचारही वेगळे. ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स यांचा रोग या दुसऱ्या जातीचा होता आणि २००३ साली निदान झाल्यावर ते ८ वर्षे जगले. त्यांचा दाखला पहिल्या जातीच्या रुग्णाला धीर देण्यासाठी पुढे करणे सद्हेतूचे असले, तरी ते त्याची दिशाभूल करणारे आहे.

मधुमेहाचा आणि या रोगाचा संबंध आहे, पण लोक समजतात तसा नाही. पन्नाशीनंतर, घराण्यात मधुमेह नसताना, अकस्मात रक्तातील साखर वाढावी आणि त्याबरोबर वजन झपाट्याने उतरावे, ही या कर्करोगाची आगाऊ वर्दी असू शकते. तथापि उतारवयात नव्याने मधुमेह जडलेल्यांपैकी पुढील तीन वर्षांत हा कर्करोग सापडणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १ च्या आसपासच भरते. तेव्हा मधुमेह निघाला म्हणून हाय खाण्याचे कारण नाही; वजन उतरत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, इतकेच. ज्याच्याविषयी हाय खावी ते कारण आहे तंबाखूचे धूम्रपान, आणि त्याविषयी मात्र आपण कमालीचे निर्धास्त असतो.

आता काविळीचा मामला. आपल्या खेड्यापाड्यांतच नव्हे तर शहरांतही, डोळे पिवळे झाले की काविळीचे औषध देणाऱ्याकडे जाऊन मुळीचा रस घेण्याची, माळ घालण्याची, तेलकट वर्ज्य करून स्वस्थ पडून राहण्याची चाल आहे. आणि विषाणूंमुळे होणारी कावीळ बहुधा आपोआपच उतरत असल्यामुळे औषध देणाऱ्याची कीर्तीही अबाधित राहते. परंतु कावीळ हा रोग नव्हे, लक्षण आहे. यकृतातून निघणारी पित्तनलिका आतड्यास मिळण्यापूर्वी स्वादुपिंडाच्या शीर्षभागातून जाते, आणि तेथे गाठ वाढली की नलिका दाबली जाऊन पित्त रक्तात साचते. अशा काविळीत पोट फारसे दुखत नाही, ताप नसतो. शौचास पांढुरके होते, लघवी गर्द होते आणि अंगाला असह्य खाज सुटते. दुखत नाही म्हणून घरचे निश्चिंत असतात, आणि नेमकी हीच निश्चिंती घातक ठरते. कारण शीर्षभागातील गाठ कावीळ निर्माण करते हे एका अर्थी रुग्णाचे भाग्यच होय, धडातील वा पुच्छभागातील गाठ ही सूचनाही न देता वाढत राहते आणि पाठदुखी, अपचन, 'गॅस' अशा नावांखाली महिनेच्या महिने खपून जाते. मिळालेली सूचना माळेखाली झाकून ठेवण्यात जे आठवडे जातात, ते पुढे कोणत्याही रुग्णालयाला परत मिळवून देता येत नाहीत.

'दरवर्षी रक्त तपासून घेतो, त्यात कळेलच' हाही असाच एक भ्रम. तपासणीच्या जाहिरातींत मानाने मिरवणारी 'सीए १९-९' या पदार्थाची चाचणी कर्करोग नसताना, केवळ पित्तनलिका तुंबल्यानेही वाढते. उलट काही लोकांच्या शरीरात तो पदार्थ जन्मतःच तयार होत नसल्याने कर्करोग असूनही ती निर्दोष दिसते. निदान झालेल्या रोगाची चाल जोखण्यास ती उपयोगी आहे, निरोगी माणसाची खातरजमा करण्यास नाही. आणि सुई लावली की कर्करोग पसरतो ही जी सार्वत्रिक भीती, तिच्याविषयी एवढेच सांगणे पुरे की आज बहुधा दुर्बिणीला जोडलेल्या ध्वनिलहरींच्या यंत्राने, जठराच्या आतूनच, बारीक सुईने तुकडा घेतला जातो, त्यात रोग पसरण्याचा धोका अत्यल्प असतो, आणि तुकड्याच्या तपासणीवाचून सहसा रसायनोपचार सुरू करता येत नाहीत.

शस्त्रक्रियेची भीती मात्र निराधार होती असे म्हणता येणार नाही. ती जुनी आहे, एवढेच. न्यूयॉर्कचे शल्यविशारद ॲलन व्हिपल यांनी १९३५ साली जिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि जी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचे शीर्ष, लहान आतड्याचा आरंभीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा काही अंश काढून उरलेले भाग पुन्हा जोडावे लागतात; आणि पुढे कित्येक दशके या शस्त्रक्रियेतच चारांतील एक रुग्ण दगावत असे. आज अनुभवी केंद्रांत हे प्रमाण शेकडा ५ च्या आत आले असून मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय हे अशा केंद्रांपैकी एक आहे. संपूर्ण स्वादुपिंड काढले तरी इन्सुलिन आणि पाचकरसांच्या गोळ्या यांवर माणूस जगू शकतो. खरी अडचण निराळीच आहे : निदान होते तेव्हा शस्त्रक्रियेयोग्य स्थितीत असणारे रुग्ण शेकडा १५ ते २० च असतात.

औषधांचा हिशेब महिन्यांत मांडावा लागतो, आणि तो मांडताना संकोच वाटू नये. १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या जेमसायटाबिनने पसरलेल्या रोगात आयुर्मान जेमतेम महिन्याभराने वाढले. २०११ साली फ्रान्समधील संशोधकांनी चार औषधांचा संयोग वापरून मध्यम आयुर्मान ६.८ महिन्यांवरून ११.१ महिन्यांवर नेले. आणि २०१८ साली त्याच संयोगाचा किंचित सौम्य प्रकार शस्त्रक्रियेनंतर दिला असता ते ३५ महिन्यांवरून ५४ महिन्यांपलीकडे गेले. अमेरिकेतील नोंदींप्रमाणे १९७० च्या दशकात निदानानंतर पाच वर्षे जगणारे शेकडा ३ होते, ते आता शेकडा १३ च्या घरात आहेत. ज्यांना हे आकडे क्षुद्र वाटतात त्यांनी, या जादा महिन्यांचा धनी कोण, हे डोळ्यांपुढे आणून पाहावे.

चमत्काराच्या पक्षाचा आवडता दाखला राल्फ स्टाइनमन यांचा. प्रतिकारशक्तीतील एका महत्त्वाच्या पेशीचा शोध लावणाऱ्या या शास्त्रज्ञास २००७ साली हाच कर्करोग झाला, त्यांनी आपल्याच संशोधनावर आधारलेल्या लसी स्वतःवर वापरल्या, ते चार वर्षांहून अधिक जगले आणि ३० सप्टेंबर २०११ रोजी, नोबेल पारितोषिक जाहीर होण्याच्या तीन दिवस आधी, निवर्तले. कथा खरी आहे. पण त्यांची शस्त्रक्रिया झाली होती, रसायनोपचारही झाले होते, आणि एका माणसावरून, तो नोबेलविजेता असला तरी, औषधाचा गुण सिद्ध होत नाही.

तो सिद्ध करण्याचा रीतसर मार्ग न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातील शल्यविशारद विनोद बालचंद्रन यांनी धरला. या कर्करोगात जनुकीय बदल तुलनेने थोडे असल्याने शरीराच्या रक्षक पेशींना त्यात परके असे काही दिसतच नाही, असा विद्वानांचा सर्वसाधारण कौल होता. बालचंद्रन यांनी मात्र सरसकट रुग्णांकडे न पाहता, जे मूठभर रुग्ण अपेक्षेबाहेर दीर्घकाळ जगले त्यांच्या गाठी तपासल्या, आणि त्यांत रक्षक 'टी' पेशींचा मोठा जमाव काही विशिष्ट परक्या प्रथिनांविरुद्ध उभा ठाकलेला त्यांना आढळला. २०१७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जे काही थोड्यांच्या शरीरात आपोआप घडले, ते इतरांच्या शरीरात घडवून आणता येईल काय, हा पुढचा प्रश्न होता.

यातून जी लस निघाली ती गोवर वा देवीच्या लशीसारखी निरोग्यांना टोचावयाची नव्हे. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ न्यूयॉर्कहून जर्मनीतील माइन्त्स येथे बायोएनटेक कंपनीकडे रवाना होते. तेथे त्या एकाच रुग्णाच्या गाठीतील जास्तीत जास्त २० बदल निवडून त्यांचा संदेश एमआरएनएच्या स्वरूपात लिहिला जातो, आणि फरारी गुन्हेगाराचा हुलिया प्रत्येक ठाण्यावर लावावा तसा तो रुग्णाच्या रक्षक पेशींपुढे ठेवला जातो. लस प्रत्येकाची स्वतंत्र. तिच्या आधी शस्त्रक्रिया आणि तिच्या जोडीला रसायनोपचार. १६ रुग्णांना ती देण्यात आली आणि त्यांपैकी ८ जणांच्या शरीरांनी तिला प्रतिसाद दिला. २०२५ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे, सुमारे तीन वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, प्रतिसाद देणाऱ्या आठांपैकी दोघांत रोग उलटला होता, न देणाऱ्या आठांपैकी सात जणांत.

हे आकडे वाचून हुरळून जाणे सोपे आहे. परंतु तुलनेसाठी लस न दिलेला स्वतंत्र गट या प्रयोगात नव्हता. ज्यांनी प्रतिसाद दिला ते मुळातच अधिक बळकट प्रकृतीचे असतील, ही शंका कोणाही चिकित्सक वाचकाला येईल. संशोधकांनाही ती आली होती. कोविडच्या लशीला दोन्ही गटांनी सारखाच प्रतिसाद दिला हे दाखवून त्यांनी तिचे अंशतः निरसन केले. अंशतःच, कारण पूर्ण निरसनासाठी चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेली मोठी चाचणी लागते, आणि तशी चाचणी २०२३ साली सुरू झाली आहे. शिवाय तीही शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपुरतीच आहे. ज्यांचा रोग यकृतापर्यंत पसरला आहे, त्यांना या लशीने काही लाभ होतो याचा पुरावा आजमितीस उपलब्ध नाही.

सबब वाचकांना विनंती एवढीच की, बिनदुखीची कावीळ झाली तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठून पोटाची चित्रतपासणी करून घ्यावी, आणि कर्करोगाची ही लस मिळवून देतो असे सांगून कोणी पैसे मागितल्यास ते देऊ नयेत. ती आज वैद्यकीय चाचणीबाहेर कोठेही विकत मिळत नाही.