शास्त्राचा पेपर आणि सहा ठिपके

दृष्टिबाधित विद्यार्थ्याला संगीताच्या पदवीत गाण्या-वाजवण्यापेक्षा जास्त अडवतो तो शास्त्राचा पेपर. उदाहरण म्हणून नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ घ्या; ते १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे त्याचे कार्यक्षेत्र. विष्णुपुरीच्या परिसरातील ललित व प्रयोगजीवी कला संकुलात संगीत आणि नाट्यशास्त्र शिकवले जाते. लातूरच्या दयानंद कला महाविद्यालयात संगीत विभाग आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राखीव असतात. वयातही ५ वर्षांची सूट मिळते. प्रवेशाची वाट अशी मोकळी आहे. खरी अडचण वर्गात बसल्यावर सुरू होते.

गुरूने म्हणायचे आणि शिष्याने उचलायचे, या तालमीत डोळ्यांचे काम थोडेच. तबल्याचा कायदा आधी तोंडी पढंत करून मग हातात येतो. हार्मोनियमवर काळ्या पट्ट्या दोन-तीनच्या गटात असल्याने बोटांना जागा चाचपून कळते. हाताची बैठक मात्र शिक्षकाने हात धरूनच दाखवावी लागते. ‘असं ठेव’ म्हणून भागत नाही.

शास्त्राच्या वहीत गोष्ट वेगळी होते. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब आणि तार सप्तकाला वर टिंब असते. ही सारी खुणांची भाषा डोळ्यांसाठी रचलेली आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांची दृष्टी लहानपणी फटाक्याने अधू झाली होती, तरी त्यांनी घडवलेली स्वरलेखन पद्धतीही कागदावरच्या चिन्हांचीच. ब्रेलमध्ये सहा ठिपक्यांच्या घराखाली रेघ मारता येत नाही, म्हणून स्वराच्या आधी वेगळी खूण द्यावी लागते. तालाचीही तीच गत. त्रितालाच्या १६ मात्रांचे बोल मोकळी जागा धरून पन्नासहून अधिक घरे घेतात आणि ब्रेलच्या ओळीत साधारण ४० घरे मावतात. तेव्हा तालाचा एक विभाग एका ओळीत, असे चार ओळींत आवर्तन मांडणे सोयीचे. कोणती खूण कशासाठी, हे संगीत विभागाने एकदा ठरवून सर्व वर्षांना तेच ठेवले, तर विद्यार्थ्याला दरवर्षी नवी लिपी शिकावी लागत नाही.

पुस्तकांची अडचण याहून साधी आणि जास्त चीड आणणारी आहे. एनव्हीडीए हे मोफत वाचक सॉफ्टवेअर मराठी वाचते, पण युनिकोडमधले. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नोट्स त्याला निरर्थक अक्षरे वाटतात आणि मोबाइलवर काढलेले पानांचे फोटो त्याच्या लेखी कोरेच. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीमुळे दिव्यांगांसाठी पुस्तक वाचनीय रूपात आणायला परवानगी मागावी लागत नाही. म्हणजे अडते ते टायपिंगवर.

परीक्षेत लेखनिक मिळतो आणि तासाला किमान २० मिनिटे जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. विद्यार्थ्याने स्वतः आणलेला लेखनिक शिक्षणाने त्याच्यापेक्षा एक पायरी खालचा असावा, असे २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी ठरवले होते. असा नियम गैरप्रकार टाळण्यासाठी असतो, पण संगीत न शिकलेला मुलगा सांगितलेली बंदिश स्वरलिपीत कशी उतरवणार? विद्यार्थ्याने ती गाऊन आणि टाळी-खाली देऊन दाखवावी, परीक्षकाने ध्वनिमुद्रण ठेवून गुण द्यावेत, हा मार्ग अधिक न्याय्य ठरेल.

नाट्यशिक्षणात अडथळा जागेचा. स्वागत थोरात यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘अपूर्व मेघदूत’मध्ये दृष्टिबाधित कलाकारांनी नृत्यासह पूर्ण नाटक उभे केले, त्यामुळे ‘जमणार नाही’ हा मुद्दा निकाली निघाला आहे. पद्धत पाहायची. रंगमंचावर जाजमाखाली जाड दोरी टाकली की पायाला कड कळते; हालचाली पावलांच्या मोजणीवर बसवता येतात; सहकलाकाराचा आवाज दिशा देतो. तालमीपूर्वी नेपथ्याला हात लावून फिरू द्यावे, वस्तू रोज त्याच जागी ठेवाव्यात. नेपथ्य शिकवताना पुठ्ठ्याची प्रतिकृती फळ्यावरच्या आकृतीपेक्षा उपयोगी पडते आणि ती डोळस विद्यार्थ्यांनाही लवकर समजते. प्रकाशयोजनेच्या प्रात्यक्षिकात मात्र दिवे लावून दाखवायला सांगण्याऐवजी प्रवेशागणिक योजना तोंडी मांडायला सांगावी, कारण कोणत्या प्रसंगाला कोणता प्रकाश आणि का, याचे उत्तर संहितेतून देता येते.