मुके बटण बोलते कसे?



शाळेतल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घातले. सारे नीट चालले, पण आवाज वाढवायचे बटण काही दाद देत नाही. धानोऱ्यासारख्या गावी मग मागच्या ओळीतल्या मुलांना कविता ऐकू येत नाही, आणि चालते यंत्र "बिघडले" म्हणून कपाटात जाते. तसे करू नका. बटण बहुधा धडधाकट असते. त्याचे नाव तेवढे पटावर नसते.

म्हणजे काय? बटण दाबले की यंत्राला "आवाज वाढव" असा हुकूम जात नाही, नुसता एक क्रमांक जातो. लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो आपल्या यादीत पाहून त्या क्रमांकाची ओळख पटवतो. ओळख पटली, की पुढचे काम पडद्यावरची व्यवस्था करते. अक्षरांच्या कळांचे क्रमांक ठरलेले आहेत. खास बटणांना मात्र कंपन्या आपापल्या सोयीने क्रमांक देतात. मुलगा "हजर" म्हणतो, पण हजेरीपटात त्याचे नावच नाही, तशी ही गत!

आता तपास करू या. बटण दाबा आणि टर्मिनलमध्ये "सुडो डीमेसेज" ही आज्ञा द्या. शेवटी "अनोळखी कळ दाबली" अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली, तर काम सोपे झाले. त्या ओळीत क्रमांक असतो, आणि "सेटकीकोड्स" ही आज्ञा वापरा, असा सल्लाही असतो. त्या आज्ञेत बटणाचा क्रमांक आणि त्यापुढे कर्नलचा संकेतांक लिहावयाचा. आवाज वाढवण्याचा संकेतांक ११५, कमी करण्याचा ११४, बंद करण्याचा ११३. ही ओळख यंत्र बंद होईपर्यंतच टिकते. कायमची हवी तर "एचडब्ल्यूडीबी"च्या फाइलीत नोंद करावी लागते.

ओळ दिसलीच नाही तर? "ईव्हटेस्ट" चालवून कळफलक निवडा आणि बटण दाबा. बटणाचे नाव बरोबर उमटले, तर दोष पडद्याच्या व्यवस्थेत आहे. सेटिंग्जमधल्या कीबोर्ड शॉर्टकटात त्याला काम नेमून द्या. काहीच उमटले नाही, तर त्या लॅपटॉपचा खास ड्रायव्हर चालू आहे का ते पाहा. काही बटणांची खबर त्याच्यामार्फतच येते. "एफएन"सारखी कळ मात्र पुष्कळ यंत्रांत आतली चिपच सांभाळते. तिची वर्दी लिनक्सपर्यंत येतच नाही.

तेव्हा क्रमांक, ओळख आणि काम, या तीन पायऱ्या ध्यानात ठेवा. कोणती पायरी निखळली ते आधी शोधा, आणि मगच यंत्राला दोष द्या.