डांबरावरचे ओरखडे

शिकाऊ वैमानिक एकटाच उतरत होता. विमानाने तीन उड्या मारल्या आणि नाक घासत ते धावपट्टीवर थांबलं. अशा अपघातातून माणूस बहुतेकदा स्वतःच्या पायांनी बाहेर येतो, त्यामुळे बातमी चार ओळींची होते. तपास मात्र बराच लांबतो.

उड्या का बसतात ते आधी पाहू. सेसना 172 सारखं चार आसनी विमान साधारण 65 नॉट्सने, म्हणजे ताशी 120 किलोमीटरने उतरायला येतं. समजा, ते 75 नॉट्सने आलं. फरक दहाचाच, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ती तब्बल एक तृतीयांश जास्त. एवढ्या ऊर्जेचं विमान जमिनीशी येऊनही बसत नाही, तरंगत राहतं. धावपट्टी संपत आलेली दिसते, वैमानिक घाईने त्याला खाली दाबतो आणि मागच्या चाकांआधी नाकाचं चाक आपटतं. नाक उसळतं, पंखांना उचल मिळते, विमान पुन्हा हवेत! तो पुन्हा दाबतो, पण हात आणि विमान यांच्यात क्षणभराचं अंतर असतंच. झोक्याला नेमक्या वेळी धक्का मिळत राहावा तशी प्रत्येक उसळी वाढत जाते. शेवटी नाकाच्या चाकाचा दांडा मोडतो आणि प्रोपेलर डांबरात घुसतो.

अकराशे किलोच्या या विमानात सहसा ब्लॅक बॉक्स नसतो. म्हणून तपासनीस टेप घेऊन धावपट्टीवर वाकतात. प्रोपेलरच्या पात्यांनी डांबरावर ठरावीक अंतराने काप पाडलेले असतात, आणि मला तरी या सगळ्या तपासातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

वैमानिक सांगतो, ‘शेवटच्या क्षणी परत वर जाण्यासाठी पूर्ण थ्रॉटल दिला होता.’ खरं की खोटं? समजा, कॅमेऱ्याच्या चित्रणावरून त्या वेळचा वेग 60 नॉट्स निघाला, म्हणजे सेकंदाला सुमारे 31 मीटर. दोन कापांतलं अंतर 40 सेंटिमीटर भरलं, तर सेकंदाला 77 काप झाले. पाती दोन, म्हणजे मिनिटाला सुमारे 2,300 फेरे. इंजिन जोरात होतं, पोरगा खरं बोलतोय. ते नुसतं हजार फेऱ्यांवर गुरगुरत असतं, तर हेच अंतर 90 सेंटिमीटरच्या पुढे गेलं असतं. मग वाकलेली पाती तपासतात: जोरात फिरणाऱ्या पात्यांची टोकं सहसा पुढे वळतात, बंद इंजिनाची मागे.

भारतात हे काम विमान अपघात तपास विभागाकडे येतं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक कराराच्या परिशिष्ट 13 नुसार तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं एवढाच. दोष कुणाचा, हे ठरवणं त्यात बसत नाही. त्यामुळे थ्रॉटल खरंच दिला होता हे कळलं तरी प्रश्न संपत नाहीत. तो दुसऱ्या उडीनंतर का दिला, पहिल्या उडीला का नाही? मागून वारा होता का? आधीच्या उड्डाणांतही पोरगा वेगातच येत होता का, आणि ते दिसत असताना त्याला एकट्याने उडायला सोडण्याच्या कागदावर सही कुणी केली?