प्रोस्टेटची शस्त्रक्रिया : कोणती आणि कोणासाठी?

कामगार संघटनेच्या कचेरीत माणूस बोनसबद्दल मोठ्या आवाजात बोलतो. रात्रीतून पाच वेळा उठावे लागते हे सांगताना मात्र दार लोटून घेतो. ही लाज घातक आहे. लघवी अडून अडून मूत्राशय ताणले जाते, त्याचे स्नायू सैल पडतात, मूत्रपिंडांवर दाब येतो. मग शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी गेलेला जोर पुरता परत येतोच असे नाही. म्हणून हा विषय आम्ही भर सभेत काढला.

प्रोस्टेट ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून असते. तरुणपणी तिचे वजन सुमारे २० ग्रॅम. उतारवयात ती वाढते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, मात्र तो नाही याची खात्री आधी करून घ्यावी लागते. पुष्कळांचे गोळ्यांवर भागते. गोळ्यांनी गुण येत नसेल, लघवी पुन्हा पुन्हा तुंबत असेल, मूत्राशयात खडे झाले असतील किंवा मूत्रपिंडांना इजा पोहोचू लागली असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

जुनी पद्धत पोट उघडण्याची. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये नोकरी करून परतलेल्या पीटर फ्रेयर या आयरिश सर्जनने १९०० साली लंडनमध्ये ती गाजवली. मूत्राशय उघडायचे आणि संत्र्याची साल जागेवर ठेवून आतल्या फोडी सोडवाव्यात, तसा ग्रंथीचा वाढलेला भाग बोटाने सोडवायचा. १९४५ साली टेरेन्स मिलिनने मूत्राशय न उघडता तेच काम करून दाखवले. ग्रंथी फार मोठी असेल आणि लेसरची सोय नसेल, तर आजही ही पद्धत उपयोगी पडते. पण रक्तस्राव जास्त आणि इस्पितळातला मुक्कामही लांबतो.

‘टीयूआरपी’त पोटावर टाका नाही. मूत्रमार्गातून दुर्बीण घालून विजेच्या तारेच्या कड्याने ग्रंथी आतून तासतात. साधारण ८० ग्रॅमपर्यंतच्या ग्रंथीसाठी हा अनुभवाने सिद्ध झालेला मार्ग आहे.

‘होलेप’ही मूत्रमार्गातूनच होते. तिच्यात लेसरने फ्रेयरसारखीच साल ठेवून गर सोडवतात. न्यूझीलंडच्या पीटर गिलिंग यांनी १९९०च्या दशकात ती पुढे आणली. ग्रंथी मोठी असली तरी चालते, रक्त कमी जाते, नळी लवकर निघते. काहींची लघवी मात्र काही आठवडे ठिबकते. शिवाय या कामाला हात बसायला सर्जनलाही वेळ लागतो. गिरणीत नवा माग आणला म्हणून कापड आपोआप चांगले निघत नाही, हे आम्हांला निराळे शिकवायला नको.

आता एक गोष्ट, जी बहुधा कोणी विचारत नाही. या तिन्ही शस्त्रक्रियांनंतर बहुतेकांचे वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते, आणि ते कायमचेच. प्रकृतीला अपाय नाही, ताठरताही बहुधा टिकते. पण हे आधी कळले पाहिजे. आमच्या एका सहकाऱ्याला ते नंतर कळले, आणि महिनाभर तो घरातही धड बोलला नाही. करारनाम्यातले कलम सहीनंतर वाचण्यासारखेच हे. ज्याला ही बाब महत्त्वाची वाटते, त्याच्यासाठी ग्रंथी फार मोठी नसल्यास दोन सौम्य उपाय आहेत : ‘यूरोलिफ्ट’मध्ये ग्रंथीचे पाळे बारीक टाचण्यांनी बाजूला ओढून धरतात, ‘रेझूम’मध्ये वाफेने ते आक्रसवतात. वीर्यस्खलन बहुधा शाबूत राहते. मात्र लघवीची धार टीयूआरपीइतकी सुधारत नाही, आणि पुन्हा उपचार करण्याची वेळ अधिक जणांवर येते.

रजेविषयी. बाहेर टाका दिसत नाही म्हणून मुकादम हमालाला आठवड्यात कामावर बोलावतो. जखम आत असते. ओझे उचलले की रक्त येऊ शकते. महिनाभर तरी वजन उचलू नये, असे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तीही त्यांना आधीच दाखवावी. आपल्या मनाने बंद करू नये. आणि सही करण्यापूर्वी विचारावे : ग्रंथी किती ग्रॅमची आहे, आणि ही शस्त्रक्रिया आपण वर्षाला किती करता?