पोटुशी भट्टीवर जाते, हक्क गावात राहतो

दिवाळी सरली, भाताची झोडणी उरकली की शहापुरातल्या डोळखांब-किन्हवलीकडच्या आणि मुरबाडातल्या धसई-टोकावड्याकडच्या कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. टेम्पोत भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरंबाळं चढतात आणि कुटुंबं भिवंडी, कल्याण, पनवेलच्या वीटभट्ट्या गाठतात. ती परततात पावसाच्या तोंडावर. या टेम्पोत पोटुशी बायाही असतात.

परदेशी नोकरीला निघालेलं जोडपं विमा घेताना बाळंतपणाचा खर्च त्यात बसतो का, हे आधी विचारतं. खासगी पॉलिसीत त्यासाठी बहुधा नऊ महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंत थांबावं लागतं. भट्टीवर जाणारीला ना हप्ता भरायचा असतो, ना थांबायचं असतं. तिचं बाळंतपण सरकारने आधीच पत्करलं आहे. तरीही ऐन गरजेच्या वेळी तिच्या पदरात फारसं काही पडत नाही.

कागदावर काय आहे?

2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे, मग ते सिझेरियन का असेना. औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, दवाखान्यात नेण्या-आणण्याची गाडी हे सगळं त्यात आलं. पहिल्या बाळंतपणाला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून 5000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात, दुसरं मूल मुलगी असेल तर 6000 रुपये. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या ग्रामीण भागातल्या आदिवासी मातेला जननी सुरक्षा योजनेचे 700 रुपये वेगळे. आदिवासी क्षेत्रात अमृत आहार योजनेतून शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीत रोज एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. कुटुंब इमारतीच्या कामावर जात असेल आणि बांधकाम कामगार मंडळात नोंद असेल, तर पहिल्या दोन बाळंतपणांसाठी प्रत्येकी 15 हजार, सिझेरियनला 20 हजार रुपये आहेत. या नोंदीसाठी वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो.

मग अडतं कुठे?

भट्टीचा हिशेब जोडीचा असतो. नवरा विटा थापतो, बायको तूस घातलेली माती कालवते, गारा वाहून आणते. मजुरी हजार विटांवर आणि तीही पावसाळ्यात शेठकडून घेतलेल्या उचलीतून वळती होते. तपासणीला एक दिवस गेला की विटा कमी पडतात, उचल फिटत नाही. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यातही बाई चिखलात उभी असते. राहायला कच्च्या विटा रचून केलेली खोपी आणि वर प्लास्टिकचा कागद.

गावच्या आशाताईच्या वहीत तिचं नाव असतं, पण ती गावात नसते. भट्टीजवळच्या उपकेंद्राच्या वहीत नावच नसतं. भट्टी बिगर-आदिवासी क्षेत्रात असेल तर अमृत आहारही सुटतो. मूल खोपीतच जन्मलं तर नोंद राहून जाते. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच, 21 दिवसांत करायची असते. पावसाच्या तोंडावर कुटुंब वाडीवर परतलं की दाखल्यासाठी पुन्हा भिवंडीला खेटे घालावे लागतात. मातृवंदनेचा दुसरा हप्ता जन्मनोंद आणि बाळाच्या पहिल्या लसींवर अवलंबून आहे, म्हणजे तोही अडकतो.

काय करता येतं?

नियम तिच्या बाजूने आहेत. माता-बाल संरक्षण कार्ड दाखवून तिला कुठल्याही सरकारी दवाखान्यात तपासणी करून घेता येते. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत डॉक्टरांकडून गरोदर मातांची मोफत तपासणी होते. पोषण ट्रॅकरवर अंगणवाडीतलं नाव दुसऱ्या गावी हलवता येतं. म्हणून वाडी सोडण्यापूर्वी चार गोष्टी व्हायला हव्यात. गरोदरपणाची नोंद करून घ्यावी. कार्ड, आधार आणि स्वतःच्या नावाचं बँक पासबुक एका पिशवीत बांधून बरोबर न्यावं. भट्टीचं गाव आशाताईंना सांगावं. कळा सुरू झाल्या की 102 किंवा 108 ला फोन करावा.

पण सगळा भार त्या बाईवर टाकून चालणार नाही. कोणत्या वाडीतून कोण, कुठल्या भट्टीवर गेलं, हे वाडीत सर्वांना ठाऊक असतं. ती यादी दिवाळीनंतर शहापूर-मुरबाडच्या आरोग्य विभागाने भिवंडी-कल्याणच्या विभागाला द्यायला हवी आणि तिकडच्या आरोग्यसेविकेने आपल्या हद्दीतली प्रत्येक भट्टी गाव समजून फिरायला हवी. भट्टीमालकानेही तपासणीच्या दिवसाचे पैसे कापू नयेत. रोजीरोटीसाठी गाव सोडणाऱ्या बाईचा हक्क तिच्यामागोमाग गेला नाही, तर कागदावरच्या या सगळ्या तरतुदी तिच्या काहीच उपयोगाच्या नाहीत. तुमच्या गावाजवळ भट्टी असेल तर आज तिथे जाऊन चौकशी करा आणि पोटुशी बाई दिसली तर जवळच्या उपकेंद्रात तिचं नाव कळवा.